कंप्युटरचा ओटा

नांदेड,
रविवार, दुपार

आदरणीय पंचशीलाआक्कास,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे ज्योत्स्नाचा, सप्रेम जयभीम. दाजींनाही जयभीम सांग आणि त्यांचा गुडघा आता कसा आहे ते सविस्तर कळव (सविस्तर म्हणजे एका ओळीत. मागच्या वेळी त्यांनी स्वतः फोन घेऊन गुडघ्याची सगळी हकिकत सांगितली, तेवढ्यात इकडं माझा भात लागला). तुझी शुगर, तुझं लिंबाचं लोणचं आणि तुझ्या सुदर्शनची पोरं, सगळं बरं असेल असं धरून चालते. आमच्याकडं सगळे खुशाल आहेत. मी तर लई खुशाल आहे, कारण गेले पंधरा-वीस दिवस मी चिडलेली होते, आणि चिडले की माझं डोकं दुखत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तू म्हणशील, फोन असताना हिला पत्राची हुक्की कुठून आली. तर आक्का, तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि भाजी निवडत बसतेस. मी इकडं मन मोकळं करून राहिले असते आणि तिकडून दाजींचा आवाज येतो, "त्यापेक्षा तुम्ही असं करा." मला असं काही करायचं नसतं. मला फक्त सांगायचं असतं. म्हणून पत्र. आणि माझं काही मागणं नाही हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर तू मधलं सगळं सोडून शेवटाकडं पळशील.

विषय असा. आमची सून प्रियदर्शनी (तूच जमवलेलं स्थळ, तुझ्याच लातूरच्या गल्लीतलं, तेव्हा तिच्यापायी झालेल्या तापातला अर्धा वाटा तुझा) पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. लोकांच्या दवाखान्याची कागदं येतात, ती वाचायची आणि विमा मिळतो का नाही ते दुसऱ्या पानावर भरायचं. संघपाल तिकडं किनवटला आश्रमशाळेत मास्तर. शनिवारी रेल्वेनं येतो, रविवारी धुतलेले कपडे घेऊन जातो. त्यामुळं सून आमच्याजवळ आणि मुलगा पाहुणा, असा आमचा संसार. तर मागच्या महिन्यात कंपनीचं फर्मान आलं की एक तारखेपासून सगळ्यांनी पुण्याला ऑफिसात हजर व्हायचं. ज्यांना घरूनच काम करायचं असेल त्यांच्याकडं वेगळी खोली पाहिजे, पक्की जागा पाहिजे, लॅपटॉप सोडून दोन मोठे स्क्रीन पाहिजेत आणि घरात आवाज नको. त्याआधीच्या शुक्रवारी एक मॅडम फोनच्या कॅमेऱ्यातून सगळं बघणार. पास झालं तर राहा, नापास झालं तर बॅग भरा.

मी जेवताना तिला म्हणलं, जायचं असेल तर खुशाल जा बाई, आमची काही अडवणूक नाही. मोठ्या मनानं म्हणलं. ती ताटाकडं बघून म्हणाली, बघू, कंपनी म्हणेल तसं. झालं. मला कळून चुकलं की हिला पुणं पाहिजे. तरणी पोर, का नाही पाहिजे? मी आणखी मोठं मन केलं आणि ताटात पोळी वाढली, आणि मग आत जाऊन विनाकारण भांड्यांवर राग काढला.

आता तुझ्यापासून काय लपवायचं. मला ती जायला नको होती. तुला वाटेल कामाला हात लागतो म्हणून. तसं नाही, तिच्या पोळीचा आकार अजून महाराष्ट्राच्या नकाशासारखाच आहे. पण ती आल्यापासून घरात माझं बोलणं ऐकून हसणारं कोणीतरी आहे. मी ह्यांना गंमत सांगितली तर हे त्यातली चूक दुरुस्त करतात. प्रियदर्शनी मात्र चहाचा कप हातात धरून हसते, चहा सांडतो, मग ती पुसते आणि पुन्हा हसते. दुपारच्या चहाला मी आता कप मांडताना दोन मांडते (हे स्टीलच्या गिलासातच पितात). ती गेली असती तर दुसरा कप मी फोडूनच टाकला असता.

असो. तर दोन स्क्रीन बसवायचं काम ह्यांनी अंगावर घेतलं. शेषेराव जन्मभर बांधकाम खात्यात होते हे तू विसरली असशील, पण ते कोणाला विसरू देत नाहीत. आधी म्हणाले, नवा स्क्रीन कशाला, माळ्यावर आपला जुना टीव्ही आहे. तो उतरवला. त्यात अजूनही सगळी माणसं हिरवी दिसतात आणि तीही कमरेपर्यंतच. मग संघपालनं किनवटहून दोन नवे स्क्रीन मागवून दिले. खोकी आली. प्रियदर्शनी म्हणाली, एक साधं टेबल आणू, तेवढं पुरे. ह्यांनी तिच्याकडं असं बघितलं जसं तिनं नदीवर बांबूचा पूल टाकू म्हणलं. टेबल म्हणे हलतं. कंपनीनं लिहून दिलंय की जागा पक्की पाहिजे, आणि पक्कं म्हणजे काय हे आम्हाला शिकवू नका. आणि महेबूब मिस्त्रीला फोन गेला.

महेबूबभाई तुला आठवत असतील, आपल्या घराचं सगळं काम त्यांच्याच हातचं. माणूस सोन्यासारखा, पण दोघं एकत्र आले की त्यांना सिमेंटशिवाय दुसरं काही सुचत नाही. त्यांना खोली दाखवली, हात पसरून लांबी दाखवली आणि दोघं चहा पीत बसले. ओटा करायचा ठरला. हाव आक्का, ओटा! स्वयंपाकाचा असतो तसा. खाली विटा, वर काळी फरशी. महेबूबभाई म्हणाले, "फिकीर करू नका भाभी, पोरांची पोरं वापरतील असा हाय." मी म्हणलं, पोरांना पोरं व्हायला ती इथं राहिली पाहिजे ना, आणि त्यासाठी शुक्रवारच्या आत ओटा वाळला पाहिजे. त्यावर दोघांनी एकमेकांकडं बघून मान हलवली, जसं काही मीच कामाला उशीर लावला.

ओटा सुरेख झाला, त्यात वाद नाही. फक्त महेबूबभाईंच्या हाताला आजवर एकाच जातीचा ओटा माहीत आहे, त्यामुळं उंची स्वयंपाकाच्या ओट्याची आली. प्रियदर्शनी खुर्चीवर बसली की स्क्रीन तिच्या डोक्यावरून बाहेर रस्त्यावरची रहदारी बघणार, म्हणजे बिचारीला उभ्यानंच काम. शिवाय फरशीला एका बाजूला बारीकसा उतार, पाणी वाहून जायला. मी विचारलं, कंप्युटरला कुठलं पाणी? हे म्हणाले, उताराशिवाय ओटा करत नसतात. महेबूबभाई म्हणाले, करतच नसतात. मागं भिंतीला फरशा पाहिजेत, नाहीतर ओल धरते, म्हणून आपल्या स्वयंपाकघराच्या उरलेल्या फरशा माळ्यावरून उतरवल्या. त्याच त्या, द्राक्षाचा घड आणि सफरचंदाच्या टोपलीच्या. आता प्रियदर्शनी काम करते तेव्हा तिच्यासमोर फळांचं दुकान असतं.

हे सगळं झाल्यावर, ओट्यावर आठवडाभर पाणी मारून झाल्यावर, सगळ्यांनी लांब उभं राहून कौतुक केल्यावर, प्रियदर्शनीनं हळूच विचारलं की मामा, बटणांचा बोर्ड कुठंय? बोर्ड ओट्याच्या मागं. विटांच्या आत. कायमचा. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मी हसले नाही (हसले, पण आत जाऊन). मग महेबूबभाईंनी मशीन आणून भिंतीला आरपार भोक पाडलं. भिंतीच्या पलीकडं काय आहे? माझं स्वयंपाकघर. वायर भोकातून आली आणि माझ्या मिक्सरशेजारच्या बोर्डात जाऊन बसली. त्या बोर्डाला जोर बेताचाच, मिक्सर सुरू केला की दोन्ही स्क्रीन काळे. मी पहिल्याच दिवशी शेंगदाण्याची चटणी करायला घेतली, मिक्सरनं गुर्रर्र केलं आणि पलीकडून "अगं बाई" ऐकू आलं. दोन्ही स्क्रीनवरची तिची सगळी पानं त्या इवल्याशा लॅपटॉपवर येऊन एकमेकांच्या उरावर बसली होती. ती मला एक शब्द बोलली नाही. त्याचंच मला वाईट वाटलं. दोन शब्द बोलली असती तर मीही चार बोलले असते आणि विषय संपला असता. त्या दिवसापासून मी तिची ड्युटी सुरू व्हायच्या आत खलबत्त्यात चटणी कुटून मोकळी होते. खांदा दुखतो. त्याचं मी कोणाला बोलले नाही. तुलाही बोलत नाही, फक्त लिहून ठेवते.

आता ऐक खरी भानगड. दोन स्क्रीन शेजारी शेजारी ठेवले की माऊसचा बाण एकातून दुसऱ्यात गेला पाहिजे. डावीकडच्या स्क्रीनच्या उजव्या कडेवरून सरकला की उजवीकडच्यात. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तसा. इथं बाण उजवीकडं न्यायला गेलं की कडेला जाऊन धडकायचा, आणि डावीकडं, म्हणजे भलत्याच बाजूला नेला की दुसऱ्या स्क्रीनच्या पार लांबच्या टोकाला उगवायचा. आपण पुढच्या दारानं बाहेर पडावं आणि मागच्या दारात उभं असावं, असं. प्रियदर्शनी पहिल्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाली की माऊस उलटा चालतोय. ह्यांनी माऊस बदलून आणला. नवाही उलटा. मग तिसरा आणला, बिनवायरीचा. तोही उलटा, वर उतारावरून घसरून खाली पडला तो वेगळाच. हे म्हणाले, हल्ली मालच खराब येतो.

मी मात्र विचार केला. मला कंप्युटरमधलं काही कळत नाही, पण मला एवढं कळतं की दोन माणसं एकमेकांच्या पाटावर बसली तर वाढताना घोळ होतो. सकाळी ओटा पुसायला गेले, वायरी लांबच्या लांब होत्याच, एक स्क्रीन उचलून पलीकडं ठेवला, दुसरा अलीकडं. कोणाला बोलले नाही. म्हणलं, हिचं काम सोपं झालं, मॅडमनं पास केलं तर राहील. आणि ह्यांना कळलं तर ओट्यापासून पुन्हा सुरू करतील. ड्युटीच्या वेळेला दारातून डोकावले तर बाण तसाच उलटा! प्रियदर्शनी कपाळाला हात लावून उभी. मला वाटलं, माझंच चुकलं, आधीचंच बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी पुसताना स्क्रीन पुन्हा होते तिथं ठेवले. पुन्हा उलटा. तिसऱ्या दिवशी पुन्हा बदलले. पुन्हा उलटा. आक्का, मी रोज ते धूड उचलून राहिले होते आणि रोज ते माझं नाक कापून राहिलं होतं. इकडं ह्यांनी माऊसच्या दुकानदाराशी भांडण काढलं. प्रियदर्शनी दिवसेंदिवस गप्प होत गेली, आणि मला वाटलं, झालं, हिनं मनातून बॅग भरली.

शुक्रवार उजाडला. अकराला मॅडम येणार. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, कंपनी जणू ह्यांनाच नोकरीवर ठेवणार होती. मी लवकर आवरून खोलीत गेले, म्हणलं शेवटचा प्रयत्न. एक स्क्रीन लेकरासारखा छातीशी धरून वळले तर दारात प्रियदर्शनी! ती म्हणाली, आई, हे काय करताय? म्हणलं, पुसून राहिले. ती म्हणाली, कडेवर घेऊन? मग मात्र मी सगळं सांगून टाकलं की बाई, रोज सकाळी मी हे बदलते, तुझा बाण सरळ व्हावा म्हणून, आणि मेला होत नाही. मग ओट्याला धरून जी हसायला लागली ती खालीच बसली.

तर प्रकार असा की कंप्युटरला डोळे नसतात. कोणता स्क्रीन डावीकडं ठेवलाय आणि कोणता उजवीकडं हे त्याला आत जाऊन सांगावं लागतं. सांगितलं की बाण सरळ. आणि तिनं ते पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं! मामांनी एवढ्या हौसेनं मांडलंय, त्यांना वाईट नको वाटायला, म्हणून काही न बोलता. सकाळी मी स्क्रीन बदलले, तिचं सांगणं खोटं पडलं. तिला वाटलं कंप्युटर विसरला. तिनं दिवसा पुन्हा सांगितलं, मी दुसऱ्या सकाळी पुन्हा बदलले. एवढे दिवस आम्ही दोघी एकमेकींचं काम सोपं करायच्या नादात एकमेकींचं वाटोळं करत होतो, आणि तोंडातून एक अक्षर काढत नव्हतो.

ती हसता हसता डोळे पुसायला लागली. मग पुसतच राहिली. मी म्हणलं, आता काय झालं? तर म्हणते, मला वाटलं तुम्हाला मी जायला पाहिजे आहे. तुम्हीच म्हणालात ना, खुशाल जा. मी म्हणलं, अगं येडे, ते मोठं मन होतं. ती म्हणाली, मग माझंही मोठंच होतं, मला कुठं जायचंय? आक्का, मी स्क्रीन कडेवर घेऊन तशीच उभी. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून मी रडले नाही. एवढ्यात हे आले आणि म्हणाले, तो स्क्रीन खाली ठेव, लेव्हल बिघडेल.

मग घाईघाईनं स्क्रीन ठेवला, तिनं आत जाऊन कंप्युटरला शेवटचं बजावलं आणि बाण इकडून तिकडं लोण्यासारखा गेला. मी स्वयंपाकघरात पळाले. त्या गोंधळात चटणी राहिली होती, ती खलबत्त्यात घेतली. अकराच्या ठोक्याला मॅडम उगवल्या. प्रियदर्शनी फोन हातात धरून खोली दाखवत होती आणि मी भिंतीच्या भोकाला कान लावला होता (भोकाचा एवढा एक फायदा झाला). आधी सगळं गोड चाललं. मग मॅडमचा आवाज बदलला. म्हणाल्या, तुम्ही स्वयंपाकघरात काम करता का? आम्ही वेगळी खोली सांगितली होती. प्रियदर्शनी म्हणाली, नाही मॅडम, ही वेगळीच खोली आहे. मॅडम म्हणाल्या, हा ओटा आहे, मागं सफरचंदाच्या फरशा आहेत, मला दिसतंय, असं चालणार नाही. तेवढ्यात दारातून ह्यांचा आवाज, "जयभीम मॅडम, पक्कं बांधकाम आहे, भूकंप आला तरी हलणार नाही." मॅडमला भूकंपाची काही फिकीर दिसली नाही.

पोरगी मात्र हुशार. म्हणाली, थांबा, तुम्हाला आमचं खरं स्वयंपाकघर दाखवते, आणि फोन घेऊन तरातरा माझ्याकडं आली. मी भोकाला कान लावलेली, हातात बत्ता, पदर खोचलेला, कपाळावर शेंगदाण्याची टरफलं. मॅडमनं मला बघितलं, शेगडी बघितली, भोकातून आलेली वायर बघितली आणि शेजारी रिकामा बसलेला मिक्सर बघितला. विचारलं, या कोण? प्रियदर्शनी म्हणाली, या माझ्या आई. मॅडम म्हणाल्या, मिक्सर असून हातानं का कुटतात? मी म्हणलं, मॅडम, मिक्सर लावला की हिचे स्क्रीन जातात. म्हणून मी रोज तिची ड्युटी सुरू व्हायच्या आधीच कुटते. आज उशीर झाला तो स्क्रीनपायीच. यापुढं होणार नाही, पण आमच्या पोरीला नापास करू नका.

हे मी बोलायला नको होतं. कंपनीच्या माणसाशी असं बोलत नसतात हे मला कळतं. पण निघून गेलं तोंडातून. मग मॅडम हसायला लागल्या. मिक्सरची वायर वेगळी करून घ्या म्हणाल्या, आणि घरात एवढी काळजी घेणारं माणूस असेल तर आमची काही हरकत नाही. वर जाता जाता म्हणाल्या की उभं राहून काम करायचं असं उंच टेबल आमच्या ऑफिसात फक्त मोठ्या साहेबांना मिळतं. तेव्हापासून शेषेराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की उंची मी मुद्दामच तेवढी ठेवली. महेबूबभाईंनाही फोन झाला; तेही म्हणाले, मुद्दामच ठेवली.

चहाच्या वेळी मी प्रियदर्शनीला म्हणलं, तुझी आई लातूरला चांगली धडधाकट आहे, घरात म्हणतेस ते ठीक, मॅडमलाही मला आई करून कशाला सांगितलंस? दोन दोन आया कशाला लागतात माणसाला? ती कपात बघत म्हणाली, एका स्क्रीनवर कुठं भागतं आई. मग चहा सांडला. तिचा नाही, माझा.

तर आक्का, असं सगळं बेस झालं. तिच्या आईला भेटलीस तर सांग की पोरगी नांदेडलाच आहे आणि पोळी अजून गोल झालेली नाही. दाजींना पुन्हा जयभीम, पोरांना पापा.

तुझी,
ज्योत्स्ना

ता. क. – माझं काही मागणं नाही असं वर लिहिलंय ते खरं आहे. फक्त एक बारीकशी विनंती. मॅडम पुढच्या आठवड्यात न सांगता पुन्हा बघणार आहेत, घरात आवाज होतो का म्हणून. आणि शेषेरावांनी तिसऱ्या स्क्रीनसाठी ओटा वाढवायचं काढलंय. तेव्हा दाजींना सांगून ह्यांना पंधरा दिवस लातूरला बोलावून घे. तुमच्या गच्चीला उतार नाही, पाणी थांबतं, एवढंच म्हणा. हे पहिल्या गाडीनं निघतील.

ता. क. दुसरा – सोमवारी सकाळी पाकीट चिकटवणार तोवर आतून हाक आली की बाण पुन्हा उलटा. प्रियदर्शनीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. दोघींनी पोरांची शपथ घेतली (पोरं अजून व्हायचीत, पण घेतली). मग कळलं की एका स्क्रीनचं बूड जरा उंच आहे, ते उताराच्या बाजूला आलं की लेव्हल बरोबर येते, म्हणून ह्यांनी पाणसळ लावून दोन्ही बदलले. कोणाला बोलले नाहीत, म्हणे सुनेची मान दुखू नये म्हणून. आक्का, पंधरा दिवस नको, महिनाभर ठेवून घ्या.

ता. क. तिसरा – वरचे दोन्ही ता. क. वाचून झाले असले तरी रद्द समज. आत्ता ह्यांना म्हणलं, लातूरला जाऊन या की चार दिवस. तर म्हणतात, मी कशाला, तूच चाललीस ना? म्हणजे ह्यांनी गेल्या मंगळवारीच दाजींना फोन करून सांगितलंय की घरात आवाज तो सगळा हिचाच असतो, हिला महिनाभर बोलावून घ्या! आणि दाजी हो म्हणाले! आणि फोन स्पीकरवर असणार, म्हणजे तुला सगळं माहीत होतं, आणि तू मला एक शब्द बोलली नाहीस! मी म्हणलं, ठीक आहे, मग दोघंही जाऊ, घर कसं शांत होईल. मी बॅग काढायला उठले तर प्रियदर्शनी दारात उभी. डोळे भरलेले. म्हणाली, तुम्ही दोघंही जाणार असाल तर मग मी इथं कोणासाठी राहिले? हे खाली बघायला लागले. मी बॅग माळ्यावर टाकली, हिरव्या टीव्हीशेजारी. सबब, इकडून कोणी येत नाही. तुम्हीच दोघं या, आणि दाजींचा सल्ला तेवढा लातूरलाच ठेवून या.